विष्णुदास भावे

विष्णु अमृतराव भावे ऊर्फ विष्णुदास भावे (जन्म : १८१९ च्या सुमारास, मृत्यू : ९ ऑगस्ट १९०१) हे मराठी नाटककार, पदकर्ते, सूत्रधार आणि नाटकमंडळीचे चालक होते. १८४३ साली सांगली येथे त्यांनी सादर केलेल्या 'सीतास्वयंवर' या नाटकापासून आधुनिक मराठी रंगभूमीचा आरंभ मानला जातो. त्यांच्या नाटकांत कथा सांगण्याचे काम संवादांकडे नव्हे, तर सूत्रधाराने अखंड गायलेल्या पदांकडे असे. देव, ऋषी आणि स्त्रिया यांच्या जोडीने रंगमंचावर येणारे आरडाओरड करणारे राक्षस हे या नाटकांचे सर्वांत लोकप्रिय, आणि पुढे सर्वांत अधिक थट्टेचा विषय झालेले अंग होते.

पार्श्वभूमी

भावे यांचे वडील सांगलीकर पटवर्धनांच्या पदरी नोकरीस होते. विष्णूपंतांचे लक्ष लहानपणापासून अभ्यासापेक्षा हस्तकौशल्य, सोंगे आणि गोष्टी रचून सांगणे यांकडे अधिक होते. मातीची चित्रे आणि लाकडी बाहुल्या करण्यात त्यांचा हात चांगला चाले. हे कसब पुढे नेपथ्य, मुखवटे आणि रंगभूषा यांसाठी त्यांच्या कामी आले. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन हे गाण्याचे व कलांचे शौकीन होते. भावे यांच्या अंगची कल्पकता त्यांच्या नजरेस आली होती.

१८४२ च्या सुमारास उत्तर कर्नाटक किनाऱ्यावरील कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे यक्षगान पद्धतीचे खेळ आप्पासाहेबांनी पाहिले. कथा, गायन, नृत्य आणि सोंगे यांची ही जुळणी त्यांना आवडली, परंतु खेळाचा ओबडधोबडपणा रुचला नाही. असेच काही मराठीत आणि अधिक नेटकेपणाने करावे, अशी आज्ञा त्यांनी भावे यांना केली. आज्ञा करणे सोपे होते. समोर मराठी नाटकाचा कोणताही चालू नमुना नसताना पदे रचणे, चाली ठरवणे, पात्रे निवडून त्यांना शिकवणे, पोशाख व मुखवटे घडवणे, ही सर्व कामे भावे यांनाच करावी लागली.

सीतास्वयंवर

'सीतास्वयंवरा'चा पहिला प्रयोग सांगलीच्या राजवाड्यात झाला. ५ नोव्हेंबर ही त्याची तारीख मानली जाते व तो दिवस 'मराठी रंगभूमी दिन' म्हणून पाळला जातो. विषय विवाहाचा असला तरी मराठी आख्यानपरंपरेत या प्रसंगाला रावणाच्या फजितीची जोड आहे. श्रीधरांच्या 'रामविजया'त रावण स्वयंवरास येतो आणि शिवधनुष्याखाली चिरडला जातो. श्रोत्यांना ही कथा तोंडपाठ होती. त्यामुळे पुढे काय होणार याची उत्सुकता निर्माण करण्यापेक्षा, माहीत असलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडवून दाखवण्यावर भावे यांचा भर राहिला. पुढील काळात रामायणाबरोबर महाभारतातील प्रसंगांवरही त्यांनी नाटके रचली. पौराणिक वधप्रसंगांना त्यांत मोठे स्थान होते.

नाटकाचा घाट

भावे यांच्या नाटकांना लिहिलेली संहिता जवळजवळ नव्हती. लिहिलेली असत ती पदे. प्रत्येक आख्यान म्हणजे एकाच कथेला बांधलेली पदांची मालिका असे व ती क्रमाने गायिली की कथा पूर्ण होई.

प्रयोगाच्या आरंभी सूत्रधार मृदंग, झांजा व तंबोरा यांच्या साथीवर मंगलाचरण म्हणे. त्यानंतर वनचराच्या वेषात विदूषक येऊन सूत्रधाराशी विनोदी संवाद करी. मग गणपतीचे व त्यामागून मोरावर बसलेल्या सरस्वतीचे आगमन आणि नृत्य होई. त्यांचा आशीर्वाद मिळाल्यावर मुख्य आख्यान सुरू होई. सूत्रधार मात्र प्रस्तावना संपल्यावर आत जात नसे. तो आपल्या साथीदारांसह अखेरपर्यंत रंगमंचाच्या एका बाजूस उभा राही. कोणते पात्र आले, ते कोठे आहे, त्याच्या मनात काय चालले आहे, हे सर्व तोच गाऊन सांगे. पात्रांनी त्या पदानुसार हावभाव करावयाचे आणि पद संपल्यावर त्याच आशयाचे गद्य भाषण स्वतः जुळवून बोलावयाचे, अशी रीत होती. नट हुशार असला तर प्रसंग खुले; नसला तर सूत्रधाराच्या पदांवर सगळा भार पडे.

यामुळे भावे यांच्या कामाचे मोजमाप करणे अवघड झाले आहे. पदे छापली गेली, पण नटांची भाषणे, चालींतील बारकावे आणि प्रयोगाचा वेग यांतले काहीच कागदावर उरले नाही. केवळ पदे वाचून ही नाटके नीरस ठरवणारे टीकाकार अर्ध्याच वस्तूचा न्याय करतात.

राक्षसपार्टी

नटांचे त्यांच्या भूमिकांप्रमाणे गट असत : देवपार्टी, राक्षसपार्टी, ऋषी आणि स्त्रीपार्टी. स्त्रियांच्या भूमिका मुलगे करीत. राक्षसाचे काम करणाऱ्यास धिप्पाड अंग, मोठा आवाज आणि तलवार फिरवण्याचे कसब लागे. चेहरा भडक रंगवलेला, केस मोकळे सोडलेले आणि हातात नंगी तलवार अशा थाटात तो आरोळी ठोकत प्रवेश करी. मशालीवर राळेची पूड फेकून भडका उडवला जाई. अंधाऱ्या मांडवात क्षणभर पेटलेल्या त्या ज्वाळेत रावण किंवा इंद्रजित प्रथम दिसे. मृदंगाच्या द्रुत ठेक्यावर युद्ध चाले व ते बराच वेळ लांबे. प्रेक्षकांतली लहान मुले भिऊन रडत, तरी राक्षसाची वाट सर्वजण पाहत.

राक्षसांच्या आरोळीवरून या नाटकांना 'अलल्डुर्र नाटके' आणि मृदंगाच्या बोलांवरून 'तागडथोम नाटके' अशी नावे पडली. दोन्ही नावे नंतरच्या पिढीने हेटाळणीने वापरली. प्रारंभीच्या प्रेक्षकांना मात्र हाच भाग सर्वांत खरा वाटत असे.

भीती आणि शोक एकत्र आणण्याची या घाटाची ताकद 'इंद्रजितवधा'सारख्या आख्यानात दिसते. लोकपरंपरेतील कथेनुसार इंद्रजिताचा तुटलेला हात त्याची पत्नी सुलोचना हिच्या अंगणात येऊन पडतो आणि आपल्या धन्याच्या मृत्यूची वार्ता स्वतः लिहून सांगतो. पतीचे शिर मागण्यासाठी ती शत्रूच्या छावणीत जाते. तेथे तिच्या पातिव्रत्याच्या कसोटीवर ते निर्जीव शिर हसते आणि शेवटी ती सहगमन करते. आरंभी ज्याच्या किंकाळीने मांडव हादरे, त्याच राक्षसाच्या घरातील दुःखाशी ही कथा श्रोत्याला आणून सोडते.

राजाश्रयानंतर

१८५१ साली चिंतामणराव आप्पासाहेबांचे निधन झाले आणि नाटकाचा आधार तुटला. नव्या राजवटीस या खर्चात रस नव्हता. पोशाख, दागिने, वाद्ये आणि नटांचा चरितार्थ यांचा बोजा भावे यांच्यावर आला. भल्या घरच्या मुलांनी तोंडाला रंग लावून सोंगे घ्यावीत, त्यातही स्त्रीवेष घ्यावा, हे तत्कालीन समाजास कमीपणाचे वाटे. राजाज्ञेने झालेल्या नाटकाला जी प्रतिष्ठा होती, ती पोटासाठी केलेल्या नाटकाला मिळणार नव्हती. भावे यांनी तरीही मंडळी मोडली नाही. गावोगाव फिरून, पैसे घेऊन खेळ करण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. मराठी व्यावसायिक नाटकमंडळीचा उगम या अडचणीत आहे. राजवाड्यातील पहिल्या प्रयोगाइतकेच या निर्णयालाही महत्त्व द्यावयास हवे.

मुंबईतील प्रयोग

१८५३ साली भावे आपली मंडळी घेऊन मुंबईस गेले. मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला तो याच वर्षी. सांगलीहून निघालेल्या मंडळीला मात्र सामानसुमानासह जुन्याच साधनांनी प्रवास करावा लागला. मुंबईत ग्रँट रोडवरील नाट्यगृह उभे होते. जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर ते १८४६ मध्ये बांधले गेले होते व तेथे मुख्यतः इंग्रजी खेळ होत. या नाट्यगृहात भावे यांनी तिकिटे लावून मराठी नाटके केली. 'इंद्रजितवध' हे त्यांतील प्रमुख होय. इंग्रजी वृत्तपत्र 'बॉम्बे टाइम्स'नेही या प्रयोगांची दखल घेतली.

राजवाड्यातील बैठकीसाठी घडलेला खेळ आता पडदा, पक्के रंगपीठ आणि दर्जाप्रमाणे आसने असलेल्या वास्तूत आला. प्रेक्षकांत मराठीभाषकांखेरीज पारशी व गुजराती मंडळीही होती. त्यांना कळावे म्हणून भावे यांनी 'राजा गोपीचंद' हे नाटक हिंदुस्थानीत सादर केले. पारशी रंगभूमीचा उदयही मुंबईत याच सुमारास झाला.

अनुकरण आणि निवृत्ती

भावे यांच्या यशानंतर इचलकरंजी, आळते, कोल्हापूर, पुणे अशा ठिकाणच्या मंडळ्या निघाल्या. त्यांपैकी अनेकींनी भावे यांचाच घाट उचलला, काहींनी त्यांची पदेही घेतली. शिस्त नसलेल्या मंडळ्यांत आरडाओरड वाढली आणि कथा मागे पडली. 'अलल्डुर्र' या शब्दाला आलेला हिणकस अर्थ बऱ्याच अंशी या अनुकरणाची देणगी आहे. १८६२ च्या सुमारास भावे यांनी नाट्यव्यवसाय सोडला.

त्यानंतर ते जवळजवळ चाळीस वर्षे जगले. या काळात रंगभूमी त्यांच्या डोळ्यांदेखत बदलली. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे ऐतिहासिक गद्य नाटक आले. इंग्रजी व संस्कृत नाटकांची भाषांतरे झाली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि पात्रे स्वतः गाऊ लागली. कथा गाऊन सांगणारा सूत्रधार प्रस्तावनेपुरता उरला, राक्षस तर जवळजवळ नाहीसा झाला.

१८८५ मध्ये भावे यांनी आपली आख्याने 'नाट्यकविता संग्रह' या नावाने प्रसिद्ध केली. पन्नासाहून अधिक आख्यानांची पदे त्यात आहेत. ती गाणाऱ्या मंडळ्या तोवर मागे पडल्या होत्या, त्यामुळे हा संग्रह उपयोगापेक्षा हक्काची नोंद म्हणून अधिक महत्त्वाचा ठरला. इतरांच्या तोंडी पसरलेली पदे कोणाची, हे त्याने निश्चित झाले. ९ ऑगस्ट १९०१ रोजी भावे यांचे निधन झाले.

आद्यत्वाचा प्रश्न

भावे यांना मराठी नाटकाचे जनक म्हणण्यावर आक्षेप घेतले गेले आहेत. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी नाटके लिहिली जात होती. शहाजीराजांचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे त्यांतील प्रसिद्ध उदाहरण आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेले 'तृतीय रत्न' हे सामाजिक आशयाचे, पूर्ण संवाद असलेले नाटक असूनही त्या काळी रंगमंचावर आले नाही. तंजावरची परंपरा महाराष्ट्रातील रंगभूमीशी जोडली गेली नव्हती. भावे यांच्यापासून मात्र प्रयोग, मंडळी, प्रेक्षक आणि तिकीट यांची साखळी अखंड चालू राहिली. आद्यत्वाचा मान प्रयोगाच्या या सातत्याला आहे, लेखनाच्या प्राचीनत्वाला नाही.

दुसरा प्रश्न ऋणाचा आहे. कर्नाटकातील यक्षगानाचा प्रभाव उघड आहे. पण गणपती, सरस्वती, मग राक्षस असा क्रम कोकणातील दशावतारातही आढळतो. रत्नागिरी जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या देवरूख परिसरात, म्हणजे संगमेश्वर तालुक्यात, शिमग्याच्या दिवसांत चालणारे नमन-खेळे याच कुळातले आहेत. मृदंगाच्या साथीवर गणपतीला नमन होते. काळा पोशाख आणि उंच टोकदार टोपी घातलेला संकासुर नाचत येतो, गवळण होते, आणि वगात रावणासारखी पात्रे अवतरतात. या खेळ्यांना नाट्यगृह नव्हते, राजाश्रय नव्हता आणि छापील संग्रहही नव्हता; ग्रामदेवतेचा उत्सव आणि वाडीतील माणसे एवढ्यावर ते टिकले. भावे यांची नाटके कशी दिसत-ऐकू येत असतील, याची कल्पना करू पाहणाऱ्यास छापील पदांपेक्षा देवरूखकडच्या एखाद्या गावातील रात्रीचे नमन अधिक उपयोगी पडेल.

प्रभाव आणि तुलना

एकाच भयकथेला वाहिलेली गीतांची मालिका, रंगवलेला चेहरा, किंकाळ्या आणि ज्वाळा यांची सांगड विसाव्या शतकात पाश्चात्त्य हेवी मेटल संगीतातील नाट्यपूर्ण वाद्यवृंदांनीही घातली. डॅनिश गायक किंग डायमंड यांच्या बँडचा 'ॲबिगेल' (१९८७) हा त्या प्रकारचा गाजलेला संकल्पना-अल्बम आहे. शापित वाड्यात राहावयास आलेल्या जोडप्याची कथा त्यात पहिल्या गीतापासून शेवटच्या गीतापर्यंत क्रमाने उलगडते, आणि निवेदक व पात्रे यांचे आवाज एकच गायक काढतो. योगायोग असा की ती कथा १८४५ साली, म्हणजे 'सीतास्वयंवरा'नंतर दोनच वर्षांनी, घडते. दोहोंत कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. गाण्यातून भीती सांगण्याची गरज भिन्न समाजांत कशी सारखी साधने शोधते, एवढ्यापुरतीच ही तुलना उपयोगी आहे.

स्मारके

अखिल महाराष्ट्र नाट्यविद्यामंदिर समिती, सांगली या संस्थेतर्फे रंगभूमीवरील प्रदीर्घ कार्यासाठी विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते. १९५९ साली त्याचे पहिले मानकरी बालगंधर्व होते. पदक ५ नोव्हेंबर रोजी प्रदान केले जाते. सांगली येथे तसेच नवी मुंबईतील वाशी येथे भावे यांच्या नावाची नाट्यगृहे आहेत. त्यांनी 'सीतास्वयंवरा'साठी घडवलेल्या लाकडी बाहुल्यांना बाहुलीनाट्यकार रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणले. त्या बाहुल्यांत दशमुखी रावणासारखी पात्रेही खेळवता येतील, अशी दोऱ्यांची रचना भावे यांच्या हस्तकौशल्याची साक्ष देते.