शार्को : रोग पाहणारा डोळा

ज्याँ-मार्तँ शार्को याचा जन्म १८२५ साली पॅरिस येथे, घोडागाड्या बांधणाऱ्या एका कारागिराच्या घरी झाला. त्याचा हात चित्रकलेत उत्तम चाले. पुढे तो वैद्यकाकडे वळला, परंतु रोगाकडे त्याने अखेरपर्यंत चित्रकाराच्याच नजरेने पाहिले असे म्हणावयास हरकत नाही.

१८६२ मध्ये तो साल्पेत्रिएर रुग्णालयात मुख्य चिकित्सक झाला. पूर्वी बंदुकीच्या दारूचा कारखाना असलेल्या त्या जागी सुमारे ५,००० निराधार, वृद्ध व व्याधिग्रस्त स्त्रिया राहत. शार्कोला तेथे अभ्यासाची अपूर्व सोय दिसली, आणि ती सोय काहीशी निष्ठुरच होती : रुग्ण वर्षानुवर्षे नजरेखाली असत व बहुधा तेथेच मरत. जिवंतपणी टिपलेली लक्षणे शवविच्छेदनात आढळलेल्या विकृतीशी ताडून पाहणे ही त्याची पद्धती होती. १८६८ मध्ये त्याने मेंदूत व मज्जारज्जूत जागोजाग चट्टे पाडणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिसचे स्वरूप विशद केले. कंपवातातील कंप हात स्वस्थ असताना दिसतो, तर या रोगातील कंप हालचाल करू जाता उफाळतो. हा भेद श्रोत्यांस दिसावा म्हणून तो रुग्णांच्या डोक्यांवर लांब पिसांच्या टोप्या चढवी. कंपवाताला पार्किन्सनचे नाव रूढ केले तेही त्यानेच. १८८२ मध्ये मज्जाविकारांचे स्वतंत्र अध्यासन त्याच्यासाठी निर्माण झाले.

हिस्टेरियापाशी मात्र ही पद्धती अडली, कारण त्याची खूण शवात सापडेना. तरीही शार्कोने त्याच्या ठरावीक अवस्था कल्पिल्या आणि भरल्या सभेत स्त्रियांना संमोहित करून त्या दाखविल्या. या स्त्रियांना आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे उमगले असावे, ही शंका त्याला वेळीच यावयास हवी होती. नान्सीच्या बर्नहाइमने तर हा सारा सूचनेचा परिणाम होय असे प्रतिपादिले. १८८५-८६ च्या हिवाळ्यात तेथे शिकलेला फ्रॉइड मात्र शरीराऐवजी मनाकडे वळला. साहित्यसमीक्षेत पुढे रुळलेल्या मनोविश्लेषणाचा एक उगम असा या सभागृहात आहे.

आपली हिस्टेरियाविषयक मते पुन्हा तपासावी असे शार्कोला अखेरीस वाटू लागले होते, अशी नोंद त्याच्या सचिवाने केली आहे. १८९३ च्या ऑगस्टमध्ये प्रवासात त्याचा मृत्यू झाला. ब्रुइए याने १८८७ मध्ये रंगविलेल्या प्रसिद्ध चित्रात शार्कोशेजारी मूर्च्छित स्त्रीला सावरणारा शिष्य आहे बाबिन्स्की. तळपायावर रेघ ओढली असता अंगठा वर वळतो की खाली, यावरून मज्जासंस्थेतील खरी इजा ओळखण्याची खूण त्यानेच १८९६ मध्ये दिली.