सुभेदार मल्हारराव होळकर आणि मातोश्री गौतमाबाईंचे गौतमपुरा

॥ श्री म्हाळसाकांत प्रसन्न ॥

इंदूर जिल्ह्यातील देपालपूर तहसिलीत, चंबळेच्या खोऱ्यात आपले गौतमपुरा वसलेले आहे. येथे दर्शनास येणारे अनेक भाविक या गावाचा संबंध गौतम ऋषींशी जोडतात. प्रत्यक्षात हे नाव होळकर घराण्याचे संस्थापक श्रीमंत सुभेदार मल्हारराव होळकर यांच्या पत्नी मातोश्री गौतमाबाईसाहेब यांचे आहे. गाव त्यांनीच वसविले आणि येथील श्री अचलेश्वर महादेवाचे देवस्थान त्यांच्याच काळापासून नावारूपास आले. सुभेदारांनी नर्मदेपासून यमुनेपलीकडे तलवार गाजविली, पण या गावाला नाव मिळाले ते राणीसाहेबांचे. असे का घडले, हे समजण्यासाठी सुभेदारांचे चरित्र थोडे निराळ्या बाजूने पाहावे लागते. त्याकरिता हा लेख.

मल्हाररावांचा जन्म दि. १६ मार्च १६९३ रोजी नीरा नदीकाठच्या होळ या गावी, धनगर कुटुंबात झाला. गावावरूनच होळकर हे उपनाव आले. वडील खंडोजी हे मल्हारराव अगदी लहान असतानाच निवर्तले. भाऊबंदकीला कंटाळून मातोश्री त्यांना घेऊन खानदेशात तळोदे येथे आपले बंधू भोजराजराव बारगळ यांच्या आश्रयास आल्या. बालपणी मल्हारराव मामांची मेंढरे राखीत. रानात झोपलेल्या या मुलाच्या मस्तकावर नागाने फणा धरला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. अशी कथा अनेक राजवंशांच्या मूळपुरुषाविषयी सांगितली जाते, तेव्हा तिच्यावर फार भर देण्याचे कारण नाही. पण मेंढरे राखणारा मुलगा पुढे दिल्लीच्या राजकारणात वजन राखून होता, ही गोष्ट मात्र कथा नव्हे, इतिहास आहे.

मामांच्या पागेत मल्हाररावांनी घोडा व भाला हाती घेतला. त्यांची हुशारी पाहून भोजराजरावांनी आपली कन्या गौतमाबाई हिचा विवाह १७१७ साली त्यांच्याशी करून दिला. प्रारंभी ते सरदार कदमबांडे यांच्या पथकात होते. होळकरांचे लाल-पांढरे त्रिकोणी निशाण हे मूळचे कदमबांड्यांचेच. राज्य मिळाल्यावरही ते बदलले नाही, यात पहिल्या धन्याविषयीची कृतज्ञता दिसते. पुढे १७२१ च्या सुमारास ते थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या सेवेत आले आणि चार वर्षांत पाचशे स्वारांचे सरदार झाले. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेड येथे निजामाची रसद तोडून त्यास कोंडीत धरण्याच्या मोहिमेत आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अमझेऱ्याजवळ चिमाजी आप्पांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादूर यांचा पाडाव केला त्या लढाईत मल्हारराव होते. अमझेऱ्यानंतर माळव्याचे द्वार उघडले. शिंदे, होळकर व पवार यांची घराणी येथे स्थिरावली.

येथेच सुभेदारांच्या आयुष्यातील ती गोष्ट घडली, जी आम्हा भाविकांच्या दृष्टीने त्यांच्या कोणत्याही विजयाहून मोठी आहे. सरदारास मिळणारा मुलूख हा सरंजाम असे. त्याच्या उत्पन्नातून फौज बाळगावयाची, मोहिमा करावयाच्या आणि हिशेब पुण्यास द्यावयाचा. फौज फार झाली, कर्ज वाढले, स्वारी फसली की पहिला घाला घरावर व धर्मकार्यावर पडे. जानेवारी १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या इच्छेवरून गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र खासगी जहागीर दिली. तिचे वार्षिक उत्पन्न २,९९,०१० रुपये धरलेले होते. माळव्यातील महेश्वर, देपालपूर, हातोद, महिदपूर यांसारखे मुलूख आणि दक्षिणेतील चांदवड, अंबड हे परगणे त्यात मोडत. येथून पुढे होळकरांच्या घरी दोन तिजोऱ्या झाल्या: एक दौलतीची, म्हणजे राज्याची व फौजेची, आणि दुसरी खासगीची, म्हणजे घरच्या स्त्रियांच्या हाती असलेली. पहिलीतील पैसा लढाईत जाई. दुसरीला हात लावण्याचा अधिकार सुभेदारांसही सहजासहजी नव्हता.

आजच्या वाचकास ही बाब केवळ हिशेबाची वाटेल. परंतु पुढे शंभर ठिकाणी जे घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे व मंदिरे उभी राहिली, त्यांचे मूळ या व्यवस्थेत आहे. खासगीचा कारभार गौतमाबाई स्वतः पाहत. सून म्हणून १७३३ साली घरात आलेल्या अहिल्याबाईंनी जमाखर्चाचे धडे याच सासूबाईंच्या हाताखाली गिरविले. दौलत व खासगी यांचा एक पैसाही परस्परांत मिसळावयाचा नाही, ही शिस्त पुण्यश्लोक देवींनी शेवटपर्यंत पाळली. गौतमपुरा ही त्याच स्त्रीधनाच्या छायेखाली वाढलेली वसाहत आहे. जुन्या गॅझेटियरांत अशी नोंद आहे की गौतमपुऱ्याला विशेष हक्क दिलेले होते आणि गुन्हेगारासही, किंबहुना खुन्यालासुद्धा, येथे आश्रय मिळे. ज्या काळात सुभेदारांच्या नावाने शहरे ओस पडत, त्याच काळात त्यांच्या पत्नीच्या गावात शरण आलेल्याला हात लावावयाचा नाही असा दंडक होता. येथे छिप्यांची वस्ती वाढली आणि कापडावरील छपाईसाठीही हे गाव प्रसिद्ध झाले.

सुभेदारांच्या मोहिमा सविस्तर सांगू गेल्यास ग्रंथ होईल. १७३७ साली दुआबात सादतखानाकडून त्यांना माघार घ्यावी लागली, पण त्याच वर्षी बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकले आणि वर्षअखेरीस भोपाळ येथे निजाम पुन्हा कोंडला गेला. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी आप्पांच्या मदतीस ते होते. १७५८ साली रघुनाथरावांसमवेत मराठी फौजा लाहोरपर्यंत गेल्या, त्यातही होळकरांचे पथक होते. १७४२ च्या सुमारास काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारावे, असा त्यांचा मनसुबा होता. मोगल अधिकाऱ्यांच्या सूडाचे भय वाटून काशीतील ब्रह्मवृंदानेच त्यांस थांबविण्याची खटपट केली आणि तो मनसुबा तसाच राहिला.

पूज्य पुरुषांचे चरित्र लिहिताना उणिवा गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती योग्य नव्हे. जयपूरच्या गादीच्या तंट्यात सुभेदारांची फौज पैशासाठी शहरावर चालून आली, तेव्हा १७५० च्या डिसेंबरात राजा ईश्वरीसिंहाने प्राणत्याग केला. रोहिल्यांचा सरदार नजीबखान १७५७ साली मराठ्यांच्या हाती सापडला असता मल्हाररावांच्या शब्दाखातर तो सुटला आणि त्यानेच पुढे अब्दालीस हिंदुस्थानात बोलाविले. दि. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर फळी फुटल्यावर सुभेदार आपले पथक घेऊन रणातून निघाले. त्यासाठी त्यांना आजही दोष दिला जातो. बाजारबुणगे व कुटुंबकबिला चंबळेअलीकडे ठेवून गनिमी काव्याने लढावे, हा त्यांचा सल्ला आधी मानला गेला नव्हता, हेही खरे. सल्ला बरोबर होता म्हणून निघून जाणे बरोबर ठरते काय, याचा निवाडा प्रस्तुत लेखक करू इच्छित नाही. पण एवढे निश्चित की सदुसष्ट वर्षांच्या त्या वृद्ध सरदाराला त्यानंतरची पाच वर्षे सुखाची गेली नाहीत.

त्याच वर्षी सप्टेंबरात गौतमाबाई निवर्तल्या. दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर १७६१ मध्ये, सुभेदारांनी मांगरोळ येथे जयपूरच्या माधोसिंहाचा पराभव केला. पानिपतानंतर उत्तरेत मराठ्यांचे नाव पुसले गेले असे समजणाऱ्यांना ते उत्तर होते. ऑगस्ट १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत तरुण माधवराव पेशव्यांच्या बाजूने ते निजामाविरुद्ध उभे राहिले.

मात्र या साऱ्याहून सुभेदारांचे मोठेपण प्रकट झाले ते कुम्हेरच्या छावणीत. १७५४ साली जाटांच्या त्या किल्ल्याला वेढा पडला असता त्यांचे एकुलते पुत्र खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. अहिल्याबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या सासऱ्याने सुनेपुढे पदर पसरला, तू गेलीस तर आम्हास कोणी उरले नाही अशी विनवणी केली आणि तिला परत आणले. इतर राण्या सती गेल्या. रूढीच्या विरुद्ध जाण्याचे हे धैर्य त्या काळच्या सरदारात विरळा होते. पुढे त्यांनी तिच्यावर घरचाच नव्हे, फौजेचाही भार सोपविला. १७६५ मधील त्यांच्या पत्रांतून दिसते की चंबळ उतरून ग्वाल्हेरकडे कूच करावे, मोठा तोफखाना बरोबर ठेवावा, दारूगोळ्याची तजवीज करावी, वाटेवर चौक्या बसवाव्यात, अशा आज्ञा ते अहिल्याबाईंना लिहीत. विधवा सुनेला तोफखाना सांभाळावयास सांगणारा सासरा, हे चित्र आजही आपणास विचारात पाडील.

दि. २० मे १७६६ रोजी भिंड प्रांतातील आलमपूर येथे सुभेदारांनी देह ठेवला. तेथे अहिल्याबाईंनी त्यांची छत्री बांधली, भोवती मल्हारनगर वसविले आणि खर्चासाठी आसपासची गावे लावून दिली. चारी बाजूंनी दुसऱ्यांचा मुलूख असताना आलमपूरचा तो तुकडा त्यामुळे इंदूर संस्थानाकडे राहिला. नातू मालेराव वर्षभरातच गेले. राघोबादादांचा डोळा होळकरांच्या तिजोरीवर होता, पण थोरल्या माधवरावांनी अहिल्याबाईंचा पक्ष उचलून धरला आणि दौलतीचा कारभार त्यांच्याकडे राहिला. महेश्वरी बसून त्यांनी १७९५ पर्यंत राज्य केले. सासऱ्यांचा काशीचा अपुरा मनसुबा १७८० च्या सुमारास विश्वेश्वराच्या नव्या मंदिराच्या रूपाने त्यांनी पुरा केला. सोमनाथ, गया, वेरूळचे घृष्णेश्वर ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. यातील धर्मखर्चाचा मोठा भार सासूबाईंच्या त्या खासगीने उचलला.

सुभेदार कधी स्वतःस राजा म्हणवीत नसत. मुद्रेवर त्यांनी स्वतःस म्हाळसाकांताच्या चरणी तत्पर असलेला खंडोजीचा पुत्र म्हटले आहे. जेजुरीचा खंडेराय हे होळकरांचे कुलदैवत. गडावरील बांधकामांस मल्हाररावांपासून होळकरांचे द्रव्य लागले आहे.

आपल्या गावी सुभेदारांची आठवण एका निराळ्या रीतीनेही जागी राहते. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, धोक पडव्याला, संध्याकाळी येथे हिंगोट युद्ध होते. हिंगोट म्हणजे आपल्या देशाकडील हिंगणबेट. फळ पोखरून वाळवितात, आत दारू भरतात, तोंड मातीने बंद करून बांबूची काडी बांधतात आणि पेटवून समोरच्या दळावर सोडतात. गौतमपुऱ्याचा तुर्रा व रुणजीची कलंगी हे दोन पक्ष देवनारायणाचे दर्शन घेऊन मैदानात उतरतात, आणि युद्ध संपले की एकमेकांस आलिंगन देतात. मराठा स्वारांनी शत्रूच्या घोडदळाविरुद्ध हे अस्त्र वापरले, असे वडीलधारी मंडळी सांगतात. दरवर्षी यात माणसे भाजतात आणि २०१७ साली एका तरुणाचा प्राण गेला, हे विसरून चालणार नाही. बाहेरून येणाऱ्या भाविकांनी, विशेषतः मुलांना घेऊन येणाऱ्यांनी, जाळीच्या बाहेर व दूर उभे राहावे. अचलेश्वराचे दर्शन सकाळीच उरकून घेणे सोयीचे.

गौतमपुऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या भाविकांनी जेजुरीला गडाची पायरी चढण्यापूर्वी खालच्या गावातील एका मंदिराचे दर्शन अवश्य घ्यावे. होळकरांनी सुभेदारांच्या स्मरणार्थ बांधलेले हे छत्री-मंदिर आहे. आत शिवलिंग असून त्यामागे सुभेदारांची व त्यांच्या राण्यांची संगमरवरी शिल्पे आहेत. तेथील महादेवाचे नाव पती व पत्नी या दोघांच्या नावांवरून ठेवलेले आहे: मल्हार गौतमेश्वर.