डॉ. फिलिप सिंग फिझिक : टॉन्सिल काढण्याचे अवजार घडवणारे सर्जन

मुलाचे टॉन्सिल काढायचे ठरले की पालक हमखास विचारतात की कोणत्या पद्धतीने काढणार, आणि त्याला दुखेल का. २०० वर्षांपूर्वी फिलाडेल्फियातील एका सर्जनला हाच प्रश्न सतावत होता.

फिलिप सिंग फिझिक यांचा जन्म १७६८ चा. डॉक्टर व्हावे ही इच्छा वडिलांची होती, त्यांची स्वतःची नव्हे. असे सांगतात की, विद्यार्थी असताना पाय कापण्याची शस्त्रक्रिया पाहून ते इतके अस्वस्थ झाले की त्यांना बाहेर न्यावे लागले. हा अभ्यास सोडतो म्हणून त्यांनी घरी विनवणीही केली, पण वडील बधले नाहीत. पुढे लंडनमध्ये जॉन हंटर यांच्या हाताखाली ते शिकले, एडिंबरोची पदवी घेऊन १७९२ मध्ये परतले आणि दुसऱ्याच वर्षी पिवळ्या तापाच्या साथीत रुग्णसेवेला उभे राहिले. त्या तापाने त्यांनाही गाठले. १८०५ मध्ये ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. आज त्यांना अमेरिकन शस्त्रक्रियेचे जनक म्हणतात.

त्या काळी भूल नव्हती. रुग्ण पूर्ण शुद्धीवर, तोंड उघडे आणि घशात सर्जनचा हात! फिझिक सुरुवातीला टॉन्सिलभोवती तारेचा फास आवळत. रक्तपुरवठा तुटला की टॉन्सिल सुकून गळून पडे. रक्त कमी जाई, पण तोपर्यंत घसा सुजलेला आणि गिळणे मुश्कील. हे हाल त्यांना पटेनात. पडजीभ कापण्याच्या एका जुन्या अवजारात त्यांनी फेरफार केला. टॉन्सिल कड्यात अडकवायचे, पाते सरकवायचे, की क्षणात काम उरकले. त्याचे वर्णन त्यांनी १८२८ मध्ये प्रसिद्ध केले. गिलोटीन म्हणून पुढे अनेक दशके वापरात असलेल्या अवजारांचा हा पूर्वज.

उणीव होती ती एवढीच की कड्यात येईल तेवढाच भाग कापला जाई. मुळाशी राहिलेला भाग पुन्हा सुजू शके.

१८३१ मध्ये त्यांनी पंचाहत्तरी ओलांडलेले सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या मूत्राशयातून सुमारे १००० बारीक खडे काढले, तेही भुलीविना. मार्शल बरे होऊन कामावर परतले. फिझिक १८३७ मध्ये गेले. ईथरची भूल जगासमोर आली १८४६ मध्ये. ती त्यांना मिळाली असती तर, असे आम्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांना राहून राहून वाटते.

भुलीमुळे घाई संपली आणि टॉन्सिल आवरणासकट सोडवून पूर्ण काढता येऊ लागले. वारंवार घसा धरणाऱ्या रुग्णांसाठी आजही मुख्य शस्त्रक्रिया हीच. साध्या अवजारांनी केली तर ऑपरेशनच्या वेळी रक्त थोडे जास्त जाते, पण नंतरच्या वेदना तुलनेने कमी असतात. विजेच्या कॉटरीने रक्त लगेच थांबते, मात्र उष्णतेमुळे घसा जास्त दुखतो आणि काही दिवसांनी रक्तस्राव होण्याचा धोकाही थोडा वाढतो. कोब्लेशनमध्ये तापमान बरेच कमी असते, पण खर्च वाढतो. गंमत म्हणजे, टॉन्सिलचा काही भाग मुद्दाम ठेवण्याची पद्धत परत आली आहे. घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडखळणाऱ्या लहान मुलांना तिचा फायदा होतो, कारण दुखणे कमी असते. टॉन्सिल पुन्हा वाढण्याची थोडी शक्यता मात्र उरतेच. माझ्या मते, यंत्राच्या नावापेक्षा तुमच्या सर्जनचा हात कोणत्या पद्धतीवर बसला आहे हे आधी विचारावे.

पद्धत कोणतीही असो, ऑपरेशननंतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटते. तेव्हा तोंडातून ताजे लाल रक्त आले, किंवा झोपलेले मूल सारखे काहीतरी गिळताना दिसले, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.