एडगर कॉड

एडगर फ्रँक कॉड (१९ ऑगस्ट, १९२३ – १८ एप्रिल, २००३) हे ब्रिटनमध्ये जन्मलेले संगणकशास्त्रज्ञ होते. रिलेशनल डेटाबेसचे ते जनक मानले जातात.

कॉड यांचा जन्म इंग्लंडमधील पोर्टलंड बेटावर झाला. ऑक्सफर्ड येथे त्यांनी गणित व रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. १९४८ मध्ये ते आयबीएममध्ये रुजू झाले. मॅकार्थी यांच्या राजकारणाचा निषेध म्हणून १९५३ मध्ये ते अमेरिका सोडून कॅनडात गेले व १९५७ मध्ये आयबीएमकडे परतले. १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली.

त्या काळी हवी ती नोंद मिळवण्यासाठी प्रोग्रामला एका नोंदीवरून दुसरीकडे वाट काढत जावे लागे. साठवणुकीची रचना बदलली की चालता प्रोग्रामही बंद पडे. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात कॉड यांनी सर्व माहिती सारण्यांत मांडावी आणि सारण्या केवळ समान मूल्यांनी जोडाव्यात, असे सुचवले. सातबारा उताऱ्यावरून ही कल्पना लक्षात येते. गाव नमुना सातमध्ये खातेदार असतो, नमुना बारामध्ये पीक. दोहोंना जोडतो तो गट क्रमांक. हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावात सोयाबीन घेणारे खातेदार हवे असल्यास प्रोग्रामने फक्त तेवढेच विचारावे. शोधाचा मार्ग डेटाबेसने ठरवावा.

आयबीएमचे उत्पन्न मात्र आयएमएस या जुन्या प्रणालीत गुंतले होते. त्यामुळे स्वतःच्याच कंपनीत कॉड यांना विरोध झाला. पुढे तेथेच सिस्टिम आर हा प्रकल्प उभा राहिला. पण त्यात कॉड यांच्या अल्फा भाषेऐवजी चेंबरलिन व बॉइस यांची सीक्वेल, म्हणजे आजची एसक्यूएल, स्वीकारली गेली. ती सारणीत एकसारख्या ओळी चालवून घेते, हा कॉड यांचा आक्षेप अखेरपर्यंत कायम होता. शिवाय कोबोलसारख्या भाषा एका वेळी एकच नोंद हाताळत असल्याने, उत्तरादाखल आलेला संच प्रोग्राममध्ये ओळीओळीने वाचण्यासाठी कर्सरची सोय करावी लागली.

एसक्यूएलवर आधारित ओरॅकल १९७९ मध्ये बाजारात आले. आयबीएमचे पहिले असे उत्पादन १९८१ मध्ये. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. कोणतेही उत्पादन रिलेशनल म्हणून विकले जाऊ लागल्यावर १९८५ मध्ये त्यांनी कसोटीचे बारा नियम प्रसिद्ध केले. शून्यापासून मोजल्याने ते प्रत्यक्षात तेरा आहेत.

फ्लोरिडा येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.