सर्पगंधा मोजून पाहणारा डॉक्टर

गोंदियाहून दुपारी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलात की दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला उतरता. तिथून परळचं केईएम हॉस्पिटल अगदी जवळ. आजच्या गोष्टीचा नायक याच हॉस्पिटलमधला. नाव डॉ. रुस्तम जाल वकील. जन्म मुंबईतला, १९११ सालचा, पारशी कुटुंबातला. लंडनला डॉक्टरीचं शिक्षण घेऊन ते मुंबईत परतले आणि हृदयरोगाच्या कामाला लागले.

तो काळ जरा डोळ्यांसमोर आणा. आज घरातल्या आजोबांना बीपीची गोळी असते, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. तेव्हा मात्र धड औषधच नव्हतं. मीठ तोडा, आराम करा, फारच झालं तर मज्जातंतू कापायचं मोठं ऑपरेशन. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी त्यांचा दाब ३००/१९० होता. जगातल्या सर्वात ताकदवान माणसाच्या डॉक्टरांचे हातही रिकामेच होते!

आपल्याकडे मात्र सर्पगंधेचं मूळ होतं. साप चावला, झोप उडाली, डोकं फिरलं, की वैद्य ते द्यायचे. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी त्याने रक्तदाबही उतरतो असं लिहून ठेवलं होतं. पण जगाने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

आता विचार करा, वकिलांच्या जागी तुम्ही असता तर? आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, म्हणून छाती फुगवली असती? की जडीबुटी म्हणून नाक मुरडलं असतं? वकिलांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी मोजलं. उच्च रक्तदाबाचे ५० पेशंट घेतले, सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या आणि दाब किती उतरला, किती जणांचा उतरला, त्रास काय झाला, हे नीट नोंदवलं. १९४९ मध्ये हा अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. तेव्हा त्यांची चाळिशीही उलटली नव्हती.

मग चक्रं फिरली. बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी हे औषध आपल्या पेशंटना देऊन पाहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळातून रेसर्पिन हा रेणू वेगळा काढला. तो काम कसा करतो, हे पुढे उलगडलं. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी बारीक पिशव्यांत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन साठवलेलं असतं. ते सुटलं की हृदय जोरात धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात. रेसर्पिन या पिशव्या भरणारा पंपच अडवतं. पिशव्या रिकाम्या, वाहिन्या सैल, दाब खाली.

पण हाच पंप मेंदूतही असतो. त्यामुळे काही पेशंट उदास, खिन्न व्हायचे. पुढे जास्त सुरक्षित गोळ्या आल्या आणि रेसर्पिन मागे पडलं. पण जाता जाता उदासीनतेचा मेंदूतल्या रसायनांशी काही संबंध असावा, हा नवा विचार ते शास्त्रज्ञांना देऊन गेलं. सर्पगंधेतलंच अजमलिन हे दुसरं द्रव्य तर आजही ब्रुगाडा सिंड्रोम हा हृदयाच्या ठोक्यांचा आनुवंशिक आजार ओळखायला वापरतात.

वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्याच वर्षी पद्मभूषण. १९७४ मध्ये ते गेले. सर्पगंधेचं नशीब मात्र तितकं चांगलं नव्हतं. मागणी वाढली, मुळं भरमसाट उपटली गेली. आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.

नागझिरा, नवेगावबांध आपल्या दाराशी आहेत. जंगलातल्या औषधांच्या गोष्टी ऐकतच आपण मोठे होतो. त्यातलं काही खरंही असेल. म्हणून फॅमिली ग्रुपवर अमुक मुळाने बीपी कायमचं जातं असा मेसेज आला, तर लगेच हसू नका आणि लगेच फॉरवर्डही करू नका. आजोबांची गोळी तर अजिबात बंद करू नका. फक्त विचारा: किती पेशंट होते? दाब किती उतरला? त्रास काय झाला? आणि मोजलं कुणी?

सायन्सला असाल तर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एक दिवस तुमचं नावही असू शकतं.