चार्ल्स डार्विन : प्रश्न विचारणारा माणूस

आपल्या विहाराच्या स्मरणिकेत आपण नेहमी महामानवांची चरित्रे वाचतो. यंदा एका इंग्रज माणसाचे चरित्र कशाला, असे कुणी विचारील. त्याला कारण आपल्याच शहरात घडले. जानेवारी २०१८ मध्ये इथे, त्या वेळच्या औरंगाबादेत, एक वैदिक संमेलन भरले होते. त्यासाठी आलेले तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी सांगितले, की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिलेले नाही. डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे आणि शाळा-कॉलेजच्या अभ्यासक्रमात तसा बदल व्हायला हवा. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी लगेच एकत्र निवेदन काढून हे म्हणणे खोडून काढले. पण आईबापांच्या मनात प्रश्न राहिलाच : शाळेत उत्क्रांती शिकवली तर पोरांचा धर्मावरचा विश्वास उडतो का? उत्तर शोधण्याआधी हा डार्विन होता तरी कसा, ते आपण पाहू.

चार्ल्स डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी गावी झाला. वडील नावाजलेले डॉक्टर. आई गेली तेव्हा चार्ल्स आठ वर्षांचा होता. शाळेत त्याचे मन रमेना. किडे, शंख, दगड गोळा करण्यात दिवस जाई. वडिलांनी १८२५ साली डॉक्टरकी शिकायला एडिंबरोला धाडले. तेव्हा भूल देण्याचे औषध नव्हते. शुद्धीवरच्या रोग्यावरची शस्त्रक्रिया पाहवेना, म्हणून हा पोरगा उठून बाहेर आला, तो पुन्हा तिकडे फिरकला नाही.

पण त्याच गावात त्याला एक गुरू भेटला. जॉन एडमनस्टोन हे गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय गृहस्थ. मेलेल्या पक्ष्याच्या कातडीत भरण करून तो जतन कसा करायचा, हे त्यांनी चार्ल्सला शिकवले. पुढे जगप्रवासात हीच विद्या कामी आली. ज्या समाजाला शतकानुशतके विद्या नाकारली गेली, त्या आपल्या समाजाने हे नाव जरूर ध्यानात ठेवावे.

डॉक्टरकी सुटली, तेव्हा वडिलांनी ठरवले की मुलाने पाद्री व्हावे. होय, पाद्री! त्यासाठी डार्विन केंब्रिजला शिकले आणि १८३१ मध्ये पदवीधर झाले. बायबलवर त्यांची तेव्हा श्रद्धा होती. त्याच वर्षी २७ डिसेंबरला ते ‘बीगल’ या जहाजावरून निघाले. वय २२ वर्षे. हा प्रवास जवळजवळ पाच वर्षे चालला.

ब्राझीलमध्ये त्यांनी गुलामांचे हाल डोळ्यांनी पाहिले. गुलामगिरीवरून जहाजाच्या कप्तानाशी त्यांचे कडाक्याचे भांडण झाले. दक्षिण अमेरिकेत त्यांना नामशेष झालेल्या प्रचंड प्राण्यांची हाडे सापडली. उंच डोंगरावर समुद्रातले शिंपले दिसले. १८३५ मध्ये गॅलापागोस बेटांवर तर नवलच : बेटे जवळजवळ, पण काही पक्षी आणि कासवे बेटागणिक निराळी. सगळे जीव एकदाच घडवून ठेवले असतील, तर असे का व्हावे? हा प्रश्न घेऊन ते १८३६ च्या ऑक्टोबरात घरी परतले.

उत्तर त्यांना शेतकऱ्याच्या अंगणात आणि कबुतरे पाळणाऱ्यांच्या खुराड्यात मिळाले. आपला शेतकरी चांगल्या कणसाचे बी पुढच्या पेरणीला राखून ठेवतो. पिढ्यान्‌पिढ्या असे केले की वाण बदलतो. निसर्गातही अशी निवड होते, पण तिथे निवडणारा कुणी नसतो. ज्या जीवाचे गुण त्या परिस्थितीत उपयोगी पडतात, तो जगतो आणि त्याची पिलावळ वाढते. लाखो वर्षांत यातून नव्या जाती होतात. म्हणून माकडाचा माणूस होताना कुणी पाहिले, हा प्रश्नच चुकतो. आजची माकडे आपले आजोबा नव्हेत, ती आपली दूरची चुलत भावंडे आहेत. दोघांचा पूर्वज एक.

हा विचार डार्विननी वीस वर्षे छापला नाही. पुरावे गोळा करायचे होते, लोकांचा रोष दिसत होता. पत्नी एमा फार श्रद्धाळू होत्या. तिचे मन दुखवायचे नव्हते. १८५१ मध्ये त्यांची लाडकी लेक ॲनी दहाव्या वर्षी वारली. त्या दुःखानंतर दयाळू देवावरचा त्यांचा उरलासुरला विश्वासही डळमळला, असे पुष्कळ चरित्रकार मानतात. १८५८ मध्ये आल्फ्रेड वॉलेस या संशोधकाने पूर्वेकडच्या बेटांवरून पत्र पाठवले. त्यात हाच विचार होता! दोघांचे लेखन एकाच सभेत वाचले गेले. पुढच्या वर्षी, २४ नोव्हेंबर १८५९ रोजी, डार्विनचा जगप्रसिद्ध ग्रंथ निघाला. माणसाच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ १८७१ साली आला. दोनच वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला.

टीका खूप झाली. तरी गावच्या पाद्र्याशी डार्विनची मैत्री टिकून होती. म्हातारपणी ते गांडुळांचा अभ्यास करीत. १९ एप्रिल १८८२ रोजी ते वारले आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या मोठ्या चर्चमध्येच त्यांना पुरले गेले.

डार्विनना आम्ही देव करीत नाही. त्यांच्या लिखाणात इतर वंशांबद्दल त्या काळच्या गोऱ्यांचा ताठा दिसतो. पुढे काहींनी त्यांच्या नावावर बळी तो कान पिळी हेच समाजाचे तत्त्व ठरवले. ते विज्ञान नव्हे. अस्पृश्य हा वेगळा वंश आहे, हे म्हणणे बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात मोजमापांच्या आधारे खोडून काढलेच आहे. माणूस एकच जात आहे, हे उत्क्रांती सांगते.

मग धर्माशी भांडण आहे का? ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी केली, हे अक्षरशः मानणाऱ्यांशी आहे. अमेरिकेत १९२५ साली उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला. पण ख्रिस्ती धर्मातही बदल झाला; १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी या सिद्धांताचे वजन मान्य केले. आपल्या धम्मात सृष्टिकर्ता नाही. सर्व अनित्य आहे आणि कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. म्हणून आपले भांडण नाही. मात्र बुद्धांनी उत्क्रांती आधीच सांगितली होती, अशी फुशारकीही आपण मारू नये. अजिंठ्याच्या भिंतीवरचे जातकातले हत्ती आणि हरणे करुणा शिकवतात, जीवशास्त्र नव्हे. जीव कसे झाले हे विज्ञान सांगते, कसे जगावे हे धम्म सांगतो.

बाबासाहेबांनी इथे उभारलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणारा राजा! त्या नागसेनवनाच्या शहरात पोरांचे प्रश्न बंद व्हावेत का? एनसीईआरटीने २०२२-२३ पासून दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग गाळला. २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढले. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या पोराला हा विषय मग कधी भेटणार? बालभारतीच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र आनुवंशिकता व उत्क्रांती हा पहिलाच धडा आहे.

आयाबायांनो, बांधवांनो, भीमजयंतीनंतर पाचव्या दिवशी डार्विनचा स्मृतिदिन येतो. त्या दिवशी पोरांना विहारात घेऊन या. तो धडा आपण सगळे मिळून वाचू, आणि पोरं विचारतील त्या प्रश्नाला गप्प बस म्हणणार नाही, एवढे ठरवू.

जयभीम! नमो बुद्धाय!