सवयींत कर्करोगाचा माग काढणारे डॉ. खानोलकर

वसई-विरारहून लोकलने परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय गाठणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला तंबाखूच्या सवयीविषयी हमखास विचारले जाते. या विचारपूशीमागे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांची तपश्चर्या आहे.

१८९५ साली क्वेट्टा येथे जन्मलेल्या खानोलकरांनी लंडनमध्ये विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. मुंबईत अध्यापन केल्यानंतर, १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी सांभाळली. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींपाशी न थांबता रुग्ण काय खातो, काय नेसतो, याचाही त्यांनी शोध घेतला. खैनीमुळे ओठाच्या आत होणारा आणि कमरेला घट्ट नेसलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणाने होणारा कर्करोग त्यांनी १९४५ मध्ये बी. सूर्याबाई यांच्यासह जगापुढे मांडला. ज्या रोगाचे मूळ सवयीत आहे, तो टाळताही येतो, हे त्यातून अधोरेखित झाले.

१९५२ मध्ये ते भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले; पद्मभूषण किताबानेही त्यांचा गौरव झाला. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधक त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडल्या. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

धोतर मागे पडले, तसा तो कर्करोगही दुर्मीळ झाला. तंबाखूची पुडी मात्र अजून सुटलेली नाही.